मालवणात गिरवलेला सूर : गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे

दिवाळी सरली की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळासमोरच्या मांडावर रात्री धयकालो उभा राहतो, गणपती-सरस्वती आणि संकासूर येऊन जातात, आणि मग मुख्य आख्यान रंगात येते. मध्यरात्र उलटल्यावर राजाची भूमिका करणारा नट पेटीवाल्याकडे एक नजर टाकतो, पखवाजावर थाप पडते आणि तो पद सुरू करतो. शब्द आख्यानाला जुळतील असे असतात. चाल मात्र पुष्कळदा जुन्या संगीत नाटकातली असते. समोर घोंगडीवर बसलेल्या जाणत्या माणसाला ती ओळखू येते. भजनाच्या बारीतही हेच घडते. बुवा अभंग तुकोबांचा घेतात आणि त्याला चाल लावतात ती नाट्यपदाची.

या चाली कुणाच्या? गाणाऱ्याचे नाव लोकांच्या लक्षात राहते, पदे लिहिणाऱ्याचे नाव नाटकावर छापलेले असते. पण चाल देणाऱ्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. मराठी रंगभूमीला ज्यांनी अस्सल ख्यालगायकीतल्या चाली दिल्या, त्यांत गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांचे स्थान फार वरचे आहे. मास्टर दीनानाथांना त्यांनी गंडा बांधला, केशवराव भोसल्यांच्या गाण्याला आकार दिला, ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांच्या पदांना चाली दिल्या. एवढ्या मोठ्या गवयाचे सुरुवातीचे शिक्षण आपल्या मालवणात झाले. ही गोष्ट आपल्या भागातसुद्धा थोड्यांनाच ठाऊक असते, म्हणून हा लेखप्रपंच.

बुवांच्या आयुष्याकडे पाहताना एक सूत्र सतत हाती लागते. ज्या काळात गाण्याची विद्या कुलुपात ठेवली जात होती, त्या काळात त्यांनी ती अपार कष्टाने मिळवली. आणि मिळवल्यावर शिष्य, रंगभूमी, ध्वनिमुद्रिका आणि छापील पुस्तक अशा चारही दारांनी ती बाहेर काढली. त्यांच्या कारकिर्दीचा खरा अर्थ या देण्यात आहे.

पितृछत्र गेलेला मुलगा

बुवांचा जन्म १८७० च्या दशकाच्या आरंभी, सावंतवाडी संस्थानातल्या एका खेड्यात झाला. मूल पाळण्यात असतानाच वडील वारले. त्या काळात कोकणातल्या विधवा स्त्रीपुढे फारसे मार्ग नसत. आधार मिळेल तिकडे जायचे, एवढेच. बुवांची आई मुलाला घेऊन घाटावर, कोल्हापूरजवळच्या कागलला गेली. मुलाचे मन शाळेत रमेना, गाण्यात मात्र ते रमे. ब्राह्मण घरातल्या मुलाने भिक्षुकी करावी किंवा चार इयत्ता शिकून कारकुनी धरावी, असा तो काळ. गवई होणे म्हणजे वाया जाणे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. तरीही त्याला गाणे शिकू देण्यात आले, हे विशेष.

बळवंतराव पोहरे आणि मालवणचे विठोबा अण्णा हडप हे बुवांचे सुरुवातीचे गुरू. त्या वेळचे मालवण म्हणजे बंदराचे गाव. ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यातला हा तालुका. शेजारी सावंतवाडीचे संस्थान, खाली पोर्तुगिजांचा गोवा. गलबते आणि बोटी मुंबईशी नाते जोडून ठेवत, आणि पावसाळ्यात बंदर बंद झाले की हे नाते चार महिने तुटे. गाव लहान असले तरी गाण्याला पारखे नव्हते. देवळात कीर्तन होते, एकादशीला भजन होते, जत्रेला दशावतार होता. गोव्यातल्या देवस्थानांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंतांचे गाणे शेजारीच होते. अशा गावात एखादा हडपांसारखा जाणता माणूस राही आणि चार मुलांना सूर-ताल शिकवी.

या पहिल्या धड्यांत काय असते, ते गाणे न शिकलेल्या वाचकासाठी सांगायला हवे. षड्ज लावायचा आणि तो स्थिर होईपर्यंत लावत राहायचे. मग अलंकार, पलटे, म्हणजे सुरांच्या ठरावीक ओळी खालून वर आणि वरून खाली घोटायच्या. मग हातावर ताल धरायचा, मग एखादी चीज, म्हणजे रागात बांधलेली लहानशी रचना. हे सारे दिसायला साधे, पण घर बांधताना पाया जितका साधा दिसतो तितकेच. बुवा पुढे जिथे जिथे गेले, तिथे हा मालवणातला पाया त्यांच्या सोबत होता.

पण पाया म्हणजे घर नव्हे, हेही त्या मुलाला लवकर कळले. ख्यालगायकीची मोठी विद्या त्या वेळी कोकणात नव्हती. ती उत्तरेच्या दरबारांत होती. संस्थानिक गवयाला पदरी ठेवत, गवई आपल्या मुलाला आणि फार तर एखाद्या शिष्याला शिकवी, आणि विद्या तिथल्या तिथे मुरत राही. ती हवी असेल तर तिकडे जाणे भाग होते. बुवा पोरवयातच घराबाहेर पडले. पुणे, मुंबई, इंदूर, बनारस अशी ठिकाणे घेत त्यांची भटकंती ग्वाल्हेरपर्यंत पोहोचली.

ग्वाल्हेरचे दार

ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी, आणि ख्यालगायकीची गंगोत्री. हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ या तिघा भावांनी एकोणिसाव्या शतकात तिथे ख्यालाला जे रूप दिले, तेच पुढे ‘ग्वाल्हेर घराणे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मोकळा, भरदार आवाज; चिजेची स्थायी-अंतऱ्यासह स्वच्छ मांडणी; आलाप, बोलआलाप, बोलतान, तान, लयकारी अशा सगळ्या अंगांना सारखा मान; आणि सरळ, पल्लेदार तानांचा जोर, ही त्या गायकीची ओळख. या गायकीचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ती मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तिचा प्रसार देशभर केला.

वझेबुवा या घराण्याच्या मूळ ठिकाणीच गेले. त्यांना गुरू लाभले ते नत्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ. खाँसाहेबांकडे चिजांचा अफाट साठा होता. ग्वाल्हेरचे शंकरराव पंडित हेही त्यांचेच शिष्य.

लाभले म्हणजे दारात गेल्याबरोबर शिकवणी सुरू झाली, असे मात्र नाही. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे, मिळेल ते खाऊन राहायचे, आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा जे कानी पडेल ते टिपायचे, अशी ती रीत. कधी आठ दिवसांत एक ओळ मिळे, तर कधी महिनाभर काहीच नाही. गरीब विद्यार्थी असला तर पोटाची भ्रांत वेगळीच.

आज आपल्याला प्रश्न पडतो, की उस्ताद एवढी विद्या का लपवत? याला नुसता कृपणपणा म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याला जमीन तशी गवयाला चीज. दरबारात त्याची किंमत ठरे ती इतरांजवळ नाही असे त्याच्याजवळ काय आहे, यावर. एखादी दुर्मीळ चीज दुसऱ्या चार तोंडी गेली, की पुढच्या मैफलीत तिचे मोल उतरे. घरातल्या मुलांचे पोट त्याच ठेव्यावर चालायचे असे. म्हणून काही चिजा घराबाहेर द्यायच्याच नाहीत, काही अर्ध्याच द्यायच्या, एखाद्या चिजेचा अंतरा बदलून सांगायचा, असे प्रकार चालत. यात गवयाचे पोट भरे, पण विद्येचे नुकसान होई. अनेक उस्तादांबरोबर त्यांच्या चिजाही मातीआड गेल्या.

बुवांनी हे सारे आतून पाहिले होते. म्हणूनच की काय, चिजा जमवण्याचा त्यांना ध्यासच लागला. ग्वाल्हेरची तालीम घेऊन ते एका जागी बसले नाहीत. ज्याच्याकडे काही मिळण्यासारखे आहे त्याच्याकडे ते गेले. यातून त्यांच्या संग्रहात अशा रागांची आणि बंदिशींची भर पडली, की पुढे मोठमोठे गवईही त्या ऐकायला त्यांच्या मैफलीला येत.

अनवट म्हणजे काय?

बुवांचे नाव निघाले की ‘अनवट राग’ हा शब्द येतोच. यमन, भूप, भैरव, भीमपलास हे राग राजरस्त्यासारखे. सगळे त्यांवरून जातात, आणि ऐकणाराही वाट ओळखतो. अनवट राग म्हणजे पायवाट. एखाद्या परिचित रागात एकच सूर बदलतो, किंवा दोन राग एकमेकांत मिसळतात, किंवा नेहमीच्या सुरांवर चालण्याची रीत वाकडी असते. गवयाचे लक्ष जरा ढळले की पायवाट सुटते आणि तो राजरस्त्यावर, म्हणजे शेजारच्या ओळखीच्या रागात, जाऊन पडतो. असे राग गायला नुसता गळा पुरत नाही. रागाची खूण पटवणारी पक्की चीज मनात असावी लागते. चीज हाच त्या पायवाटेचा नकाशा. ज्याच्याजवळ चिजा अधिक, त्याच्या पायवाटा अधिक. खंबावती, खट, बरवा, नटबिहाग असे राग बुवा अधिकाराने गात, ते या बळावर.

गोड गळ्याबद्दल बुवांची ख्याती नव्हती, हे मोकळेपणाने सांगायला हवे. त्यांचा आवाज भारदस्त होता, पण त्यात गोडवा कमी आणि जोर अधिक. ऐकणाऱ्याला धरून ठेवी ती त्यांची मांडणी. चीज ठामपणे पुढे ठेवायची, लयीशी खेळत तिचे बोल फिरवायचे आणि मग तानांची सर सोडायची. असा गवई पहिल्या पाच मिनिटांत जिंकत नाही. तासाभराने जिंकतो, आणि मग मैफल संपेपर्यंत सोडत नाही.

या गाण्याचा थोडा अंश आजही ऐकायला मिळतो, तो अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत सारे आटपायचे, असा त्या तंत्राचा जुलूम. दरबारी गवयांपैकी अनेकांना तो मानवला नाही. काहींना तर आपली विद्या यंत्रात कोंडून बाजारात विकली जाईल आणि कुणीही ती उचलेल अशी धास्ती होती. बुवांनी तबकड्या दिल्या. त्यांत रागाची ओळख, चीज आणि ताना असे सारे त्यांनी दाटीवाटीने बसवले आहे. तिलककामोदासारखा परिचित राग असो की खंबावतीसारखा कमी ऐकला जाणारा, दोन-चार सुरांत रागाचे नाव पटते.

रंगभूमीचे दार

बुवा मैफलीचे गवई राहिले असते तरी त्यांचे नाव जाणकारांत टिकले असते. ते सामान्य माणसाच्या ओठांवर पोहोचले ते नाटकामुळे.

संगीत नाटकाची सुरुवात १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने झाली. त्यातल्या चाली साकी-दिंडी, कीर्तन, लावणी, कानडी पदे अशा घरच्या वळणाच्या होत्या. १९११ साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा दिला. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या. पस्तीस-छत्तीस वर्षांत नाटकाच्या गाण्याचा चेहरा पार बदलला, आणि नाटक कंपन्यांना आता केवळ चाली सांगणारा नको, नटांना रोज घोटून घेणारा गवई हवा असे झाले.

गंधर्व मंडळीकडे भास्करबुवा होते, तसे ‘ललितकलादर्श’कडे वझेबुवा होते. ही कंपनी केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीला काढली. केशवरावांचा आवाज उंच, तेजस्वी आणि लवचीक. अशा आवाजाला ग्वाल्हेरची पल्लेदार तान देणारा गुरू मिळाला, आणि दोघांचे सार्थक झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी एकत्र येऊन केलेला ‘संयुक्त मानापमान’ मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर आहे. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन आवाजांच्या त्या सामन्यात एका बाजूला वझेबुवांची तालीम उभी होती. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले; वय अवघे एकतीस. बापूराव पेंढारकरांनी कंपनी सावरली. तेही बुवांचेच शिष्य.

याच कंपनीत मालवणचा आणखी एक धागा सापडतो. भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे आपले मामा वरेरकर, यांची ‘हाच मुलाचा बाप’, ‘संन्याशाचा संसार’, ‘सत्तेचे गुलाम’ ही नाटके ललितकलादर्शने रंगभूमीवर आणली. हुंडा, धर्मांतर, परकी सत्ता आणि वकिली पेशा असे त्यांचे ज्वलंत विषय होते. पोस्टात नोकरी केलेला, लहानपणी दशावतार पाहत वाढलेला नाटककार आणि मालवणात गळा तयार झालेला गवई, दोघेही एकाच नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात वावरले. आज मालवणच्या नाट्यगृहाला मामांचे नाव आहे, ते योग्यच आहे.

नाटकातल्या पदाची चाल कशी होत असे? पद आधी लिहून मग त्याला चाल लावायची, ही आजची रीत. त्या काळी बहुतेक वेळा उलटे असे. गवई आपल्या साठ्यातली एखादी हिंदी किंवा व्रज भाषेतली चीज गाऊन दाखवी. प्रसंग वीराचा की विरहाचा, नटाचा गळा कुठे खुलतो, कुठे अडतो, हे पाहून तो चीज निवडी. मग नाटककार तिच्या मात्रा मोजून, सम कुठे येते ते सांभाळून, मराठी शब्द बसवी. म्हणजे मूळच्या बंदिशीचा सांगाडा तोच आणि त्यावर अंगरखा मराठी. म्हणून ज्याच्याजवळ चिजा अधिक, तो रंगभूमीला अधिक देऊ शके. बुवांनी ग्वाल्हेरच्या उंबऱ्यावर बसून जे टिपले होते, ते असे मराठी होऊन चार आण्यांच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आले. ज्याला राग शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता, तो शेतावर जाताना अनवट राग गुणगुणू लागला. जी चीज मिळवायला एका मुलाला घरदार सोडावे लागले, ती आता तिकिटाच्या पैशांत कुणालाही मिळत होती.

दीनानाथ आणि दोन नाटके

बुवांच्या चालींचे सर्वांत तेजस्वी रूप दिसले ते मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यात. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. मंगेशीच्या या तरुणाचा आवाज पातळ, टोकदार आणि विजेसारखा चपळ होता. बुवांनी त्यांना गंडा बांधला. गुरूच्या जोरकस गायकीला शिष्याच्या गळ्यात वेगळीच धार आली. दीनानाथांचे गाणे अमक्याची नक्कल आहे असे कुणी म्हणू शकले नाही, यातच गुरूची थोरवी आहे. साचा द्यायचा, पण शिष्याला त्यात चिणायचे नाही, हे थोड्याच गुरूंना साधते.

१९२७ साली ‘बलवंत’ने वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ आणले आणि १९३१ साली विनायक दामोदर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’. दोन्ही नाटकांत वरवर पाहता जुन्या राजवटींची कथा. खरा विषय मात्र पारतंत्र्याचा. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटीवर त्यांना तिथे ठेवलेले. सभेत जे बोलता येत नव्हते ते नाटकातले पात्र बोलत होते आणि गात होते. भाषण एकदा ऐकून विरते, पद मात्र घरी जाते, पोरे ते अंगणात म्हणतात.

अशा पदांना चाल देणे सोपे नव्हते. विषय आवेशाचा म्हणून नुसता पोवाड्याचा थाट धरला तर दीनानाथांचा गळा वाया जाणार. नुसती ख्यालाची कलाकुसर केली तर शब्द बुडणार. बुवांच्या चालींत शब्द ठाशीव राहतात, आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत तानेला मोकळे रान मिळते. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये कोमल भावाची पदेही आहेत. त्यांतले ‘मर्मबंधातली ठेव’ हे पद आजही मैफलीत हमखास मागितले जाते. ते पटदीप रागात आहे. भीमपलासाच्या घराशेजारचा हा राग. त्यातला कोमल निषाद काढून शुद्ध निषाद ठेवला की सांजवेळेच्या उदासीत एकदम हुरहुर भरते. पटदीप त्या काळी आजच्याइतका सर्रास गायला जात नव्हता. आज हजारो मराठी घरांत या रागाची ओळख आहे, ती रागाचे नाव ठाऊक नसतानाही आहे, आणि ती या पदामुळे आहे.

चिजा छापणारा गवई

बुवांनी उघडलेले शेवटचे दार छापखान्याचे. १९३८ साली ‘संगीत कला प्रकाश’ या त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. पुढे दुसराही आला. त्यात त्यांनी आपल्या संग्रहातल्या चिजा स्वरलिपीसह दिल्या आणि आपल्या विद्यार्जनाची हकीकतही लिहून ठेवली. आपण आज त्यांच्या भटकंतीबद्दल बोलू शकतो, ते मुख्यतः त्यांनी स्वतः ती लिहून ठेवली म्हणून.

चिजा छापण्याचे काम त्याआधी विष्णु नारायण भातखंड्यांनी मोठ्या प्रमाणावर केले होते. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ने शेकडो बंदिशी लोकांसमोर ठेवल्या. पण भातखंडे पेशाने वकील होते. त्यांचे पोट चिजांवर अवलंबून नव्हते. बुवांचे होते. आयुष्यभर ज्या भांडवलावर मैफली जिंकल्या, ते भांडवल एका व्यावसायिक गवयाने रुपया-दोन रुपयांच्या पुस्तकात घालून बाजारात ठेवावे, याचे मोल निराळे आहे. ज्या विद्येसाठी स्वतःला दारोदार फिरावे लागले, तिच्यासाठी पुढच्या पोराला फिरायला लागू नये, असाच त्या कृतीचा अर्थ लागतो.

अर्थात पुस्तकावरून गाणे येत नाही. स्वरलिपी सूर सांगते. सुरातला जीव गुरूच सांगतो. बुवांनी तेही केले. दीनानाथ, केशवराव, बापूराव यांच्याखेरीज गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून थोर ठरलेले गजाननबुवा जोशी त्यांच्याकडे शिकले. बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांना त्यांची तालीम मिळाली आणि त्यांनी १९४२ पासून पुढे कितीतरी वर्षे ललितकलादर्श चालवली. संगीत रंगभूमीच्या उत्तरकाळातले मोठे गायक-नट भार्गवराम आचरेकर हेही त्यांचेच शिष्य. मालवणहून पाच-सहा कोसांवरच्या आचऱ्याचे नाव आडनावातून मिरवणारे. मालवणात सुरू झालेली ही परंपरा अशी फिरून आपल्या खाडीकाठाशी नाते सांगते.

कंपन्या बुडाल्या, चाली तरल्या

बुवांच्या उतारवयात त्यांचे जग झपाट्याने मोडत होते. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली मराठीत ‘अयोध्येचा राजा’. बोलपटाने नाटक कंपन्यांचा प्रेक्षक ओढून नेला. पन्नास-पाऊणशे माणसांचा संसार, पडदे, दागिने, प्रवास, भटारखाना असा डोलारा पोसणे अशक्य झाले. ‘बलवंत’ने बोलपटात हात घालून पाहिला, पण तो पोळला. बापूराव १९३७ साली गेले. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले, तेही एकेचाळिसाव्या वर्षी. एकेक मोठा शिष्य गुरूच्या डोळ्यांदेखत गेला. ५ मे १९४५ रोजी पुण्यात बुवांनी देह ठेवला.

कंपन्या बुडाल्या, पण चाली बुडाल्या नाहीत. त्या ज्याला सापडल्या त्याने त्या उचलल्या. तबकड्यांवरून, नभोवाणीवरून, मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांच्या भजनी मंडळांतून नाट्यसंगीत कोकणातल्या वाडीवाडीत शिरले. गणपतीला आलेला चाकरमानी नवी चाल घेऊन येई, गावचा बुवा ती अभंगाला लावी, आणि शिमग्यापर्यंत ती शेजारच्या गावातल्या दशावताऱ्याच्या तोंडी असे. ग्वाल्हेरच्या दरबारातून निघालेला सूर असा मांडावरच्या उजेडात येऊन पोहोचला. एखाद्या पंडिताला यात अशुद्धता दिसेल. राग थोडा ढासळतो, तान आखूड होते, हे खरेच. पण मांडावर गाणारा तो नट शिकवणीशिवाय, केवळ कानाच्या बळावर, रागाची खूण जपतो आहे, हेही तितकेच खरे. बुवांच्या देण्याचा तो सर्वांत दूरचा आणि म्हणून सर्वांत बोलका पुरावा आहे.

प्रश्न उरतो तो आपला. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात निवेदक गायकाचे नाव सांगतो, मूळ नटाचे सांगतो, नाटककाराचेही सांगतो. चाल देणाऱ्याचे नाव पुष्कळदा राहून जाते. ते सांगायला अर्धा क्षण लागतो. आपल्या भागातल्या भजनी मंडळांनी आणि दशावतारी कंपन्यांनी आपल्या वहीत प्रत्येक चालीपुढे मूळ पद, नाटक आणि चाल देणाऱ्याचे नाव टिपून ठेवले, तर काही वर्षांत एक मोलाचा दस्तऐवज तयार होईल. जुन्या बुवांना आणि पेटीवाल्यांना या चाली कुठून मिळाल्या, हे विचारून आजच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवे. ती पिढी आता थकली आहे. काम साधे आहे, खर्चाचे नाही. येत्या जत्रेच्या हंगामातच त्याला सुरुवात करता येईल.